पाखरांची साक्ष

न्यायालयांच्या नाताळच्या सुटीस महिनाभराचा अवकाश उरला, की आम्हा वकीलवर्गात प्रवासाच्या बेतांची चर्चा सुरू होते. पूर्वी या बेतांत तीर्थक्षेत्रे असत, थंड हवेची ठिकाणे असत. अलीकडे त्यांत पक्ष्यांची भर पडली आहे. कोणी केनियातील सरोवरांचे नाव घेतो, कोणी भरतपूरचे. दुर्बीण कोणती असावी, उतरावे कोठे, वाटाड्या कोण घ्यावा, या सर्व गोष्टींची माहिती हवी तितकी मिळते. परंतु पक्ष्यांसाठी घराबाहेर पडणाऱ्याचा पहिला प्रश्न 'जावे कोठे' हा असतो, आणि त्याचे उत्तर अखेर कोणाच्या तरी साक्षीवर अवलंबून असते. अमुक पक्षी अमुक स्थळी, अमुक दिवशी पाहिला, असे कोणी तरी लिहून ठेवलेले असते. त्या लेखावर विसंबून दुसरा माणूस वाट धरतो. साक्ष खरी असेल तर प्रवास फळास येतो. ती खोटी असेल तर एकट्यादुकट्याची सुटीच नव्हे, तर पिढ्यांचे श्रम वाया जातात. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल; पण तसे प्रत्यक्ष घडले आहे, आणि तेही फार दूर नव्हे, आपल्या महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर.

दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शिस्तबद्ध यादी केली ती विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याचे काम त्याजकडे होते; जमीन, पिके नि लोकसंख्या मोजता मोजता तो पक्षीही मोजीत गेला. ही यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिविज्ञान सभेच्या कार्यवृत्तात छापली गेली. दख्खन हा शब्द तो इंग्रजीत ज्या विचित्र रीतीने लिही, त्याचा ठसा आजही एका चंडोलाच्या शास्त्रीय नावात, 'दुखुनेन्सिस' या विशेषणात, टिकून आहे. गंमत अशी, की हा पक्षी दख्खनचा रहिवासी नव्हेच. त्याची वीण होते चीन-मंगोलियाकडील उंच प्रदेशांत. आपल्याकडे तो केवळ हिवाळ्यापुरता उतरतो. भाडेकरूच्या नावाने सातबारा व्हावा, तसा हा प्रकार. याउलट ज्या सुतारपक्ष्यास मराठी मुलखाचे नाव मिळाले, तो 'मराठा सुतार' मात्र खरोखरच येथला कुळवाडी आहे.

साइक्सनंतरचे मोठे नाव टॉमस जेर्डन याचे. हा मद्रासच्या घोडदळाचा शल्यवैद्य. त्याची पलटण निजामाच्या मुलखातील जालन्याच्या छावणीत आली, आणि त्या परिसरात त्याने चार वर्षे काढली. आज जालना म्हटले की बियाणे नि लोखंड आठवते. भारतीय पक्षिशास्त्राच्या एका आद्य पुरुषाने येथे उमेदीचा काळ घालविला, हे जालनेकरांनाही क्वचितच ठाऊक असते. जेर्डनने आपले नमुने खात्री करून घेण्यासाठी स्कॉटलंडला सर विल्यम जार्डिन यांजकडे पाठविले. पण ते पोचेपर्यंत त्यांस कसर लागली होती. तेव्हा परक्या पंडिताच्या निर्णयाची वाट न पाहता जेर्डनने स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला आणि १८३९-४० साली द्वीपकल्पातील पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. पुढे १८६२ ते १८६४ या काळात निघालेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात पक्ष्यांच्या इंग्रजी-लॅटिन नावांबरोबर हिंदुस्थानी, तेलुगू आणि मराठी नावेही आहेत. गावच्या माणसास पक्ष्याचे नाव विचारून ते लिहून घेणे ही साधी गोष्ट; परंतु तिच्यामुळेच तो ग्रंथ पुढील प्रवाशाच्या उपयोगी पडला.

आता मूळ विषयाकडे येतो, तो म्हणजे १९३१-३२ साली झालेली हैदराबाद संस्थानची पक्षिपाहणी. सालिम अली यांचे नाव सुशिक्षित वाचकास ठाऊक असते, पण ते हैदराबादेस का आले, हे फारसे कोणी विचारीत नाही. ते आले, कारण त्यांना नोकरी उरली नव्हती. १८९६ साली मुंबईत जन्मलेले, बालपणीच आईबाप गमावून मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढलेले हे गृहस्थ प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात प्रेक्षकांना माहिती सांगण्याच्या जागेवर होते. तेथून ते बर्लिनला गेले नि एर्विन श्ट्रेझमान या आचार्यांपाशी पक्षिशास्त्राची शिस्त शिकले. परत येतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. पदवी नाही, वेतन नाही. तेव्हा अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी १९३०च्या पावसाळ्यात सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर अर्धवट खोपे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर राहते. आणि मग नर दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणू लागतो. कोकणातल्या प्रत्येक माडाखाली पिढ्यानपिढ्या चाललेला हा संसार बर्लिनहून शिकून आलेल्या डोळ्यांनी प्रथम नीट वाचला. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो: परदेशी जाऊन आणायची ती दृष्टी; तिचा विषय मात्र घरामागच्या झाडावर सापडला.

त्यानंतर त्यांनी एक योजना मांडली. देशी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी झालेली नाही. ब्रिटिश मुलखाच्या मानाने हा भाग नकाशावर कोराच आहे. संस्थानाने फक्त प्रवासाचा नि मुक्कामाचा खर्च सोसावा. आपण काम विनावेतन करू. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी, जी १८८३ साली स्थापन झाली होती, तिने ही योजना उचलून धरली आणि पहिल्यांत निजाम सरकार तयार झाले. ब्याऐंशी हजार चौरस मैलांचे, सोळा जिल्ह्यांचे हे संस्थान. तेलुगू, मराठी नि कन्नड अशा तीन भाषांचा मुलूख त्याच्या पोटात. नल्लमलाच्या रांगेतील अमराबादच्या पठारावर, मन्ननूर आणि फरहाबाद येथे, चेंचू लोकांच्या जंगलात मुक्काम पडला; तसाच तो आपल्या मराठवाड्यातही पडला. बैलगाडी, डाकबंगला, तंबू, पहाटे बाहेर पडणे, दुपारी कातडी सोलून पेंढा भरणे नि रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे लिहिणे, असा तो क्रम. या सर्व मुक्कामांत त्यांच्या पत्नी तेहमिना बरोबर होत्या. इंग्लंडात शिकलेल्या या बाईंनी हे खडतर बिऱ्हाड आनंदाने सांभाळले. १९३९ साली त्या अकाली वारल्या. संस्थानी पाहण्यांचे जे श्रेय आपण एका नावावर मांडतो, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे.

पाहणीचा वृत्तांत १९३३-३४ साली सोसायटीच्या नियतकालिकात पाच हप्त्यांनी आला. त्यात वर्गीकरणाची टिपणे ह्यू व्हिसलर यांची आहेत. व्हिसलर हे पंजाबच्या पोलीस खात्यातील निवृत्त अधिकारी. इंग्लंडात बसून ते नमुन्यांची छाननी करीत. या दोघांचा परिचय झाला तो मात्र भांडणातून. भृंगराजाच्या शेपटीतील दोन लांब पिसांच्या टोकाशी जे पाते असते, त्याच्या घडणीविषयी व्हिसलर यांनी जुन्या ग्रंथांस अनुसरून काही विधान केले होते. सालिम अलींनी ते चूक असल्याचे दाखवून दिले. एका अज्ञात हिंदी माणसाने आपली चूक काढावी याचा साहेबांस राग आला. त्यांनी संपादकांकडे तक्रार केली. पण पुढे त्यांनी स्वतःजवळचे नमुने पुन्हा काढून पाहिले, चूक कबूल केली आणि ते सालिम अलींचे जन्माचे स्नेही झाले. ग्रंथाचा आधार मोठा, की पिसाचा? आमच्या भाषेत, ऐकीव पुरावा ग्राह्य, की प्रत्यक्ष? एका पोलीस अधिकाऱ्याने स्वतःच्या विरुद्ध प्रत्यक्ष पुराव्याच्या बाजूने निवाडा दिला, ही गोष्ट मला त्या पाच हप्त्यांतील कोणत्याही नोंदीपेक्षा कमी मोलाची वाटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते संस्थान तीन राज्यांत विभागले गेले. परंतु पक्ष्यांची ती यादी अविभक्तच राहिली आहे. तेलंगणातील, मराठवाड्यातील नि कर्नाटकातील वाचकास आपापल्या जिल्ह्याची जुनी नोंद हवी असेल, तर त्याला आजही 'हैदराबाद संस्थान' याच मथळ्याखाली शोध घ्यावा लागतो.

ही झाली खऱ्या साक्षीची कथा. खोट्या साक्षीची कथा खानदेशातली आहे.

१८७२ साली या देशात पुराव्याचा कायदा झाला. १ जुलै २०२४पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे. त्याच १८७२ सालच्या डिसेंबरात, आजच्या छत्तीसगडमध्ये मोडणाऱ्या बसना-फुलझर भागात, ब्लुइट नामक गृहस्थास एक बुटके, दाट पिसांच्या पायांचे घुबड मिळाले. ॲलन ह्यूम यांनी पुढल्या वर्षी त्यास ब्लुइटचेच नाव दिले. हाच आपला रानपिंगळा. त्यानंतर खानदेशात कलेक्टर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने मिळविले. १८८४नंतर विश्वसनीय नोंद नाही. जगातील साऱ्या संग्रहालयांत मिळून नमुने भरले ते अवघे सात. अपवाद एकच: कर्नल रिचर्ड माइनर्ट्सहागन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर तापीकाठच्या गुजरातेतील मांडवीचे नाव नि १९१४ साल होते. सर्वांत अलीकडचा पुरावा तोच. म्हणून शोध घेणाऱ्यांची नजर मांडवीकडे वळे. १९७०च्या दशकात डिलन रिप्ली यांनी केलेला शोधही विफल झाला. पक्षी नामशेष झाला असावा, असे पुष्कळांनी मनाशी ठरविले.

पॅमेला रॅसमुसेन या अमेरिकन विदुषीने प्रवासाचा बेत आखण्यापूर्वी साक्षीदाराचीच उलटतपासणी घेतली. नमुन्यात पेंढा भरण्याची प्रत्येकाची एक धाटणी असते. जसे हस्ताक्षर, तसेच ते. मांडवीच्या नमुन्याची वरवरची मांडणी बदललेली होती, पण आत हात होता डेव्हिडसनचा. म्हणजे ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचा नमुना चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली! कर्नलसाहेबांच्या संग्रहातील अशा लबाड्या पुढे मोठ्या संख्येने उजेडात आल्या. याच कर्नलांबरोबर सालिम अली १९३७ साली अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. कर्नलांनी आपल्या रोजनिशीत त्यांच्याविषयी जे अपमानकारक शेरे मारले होते, ते सालिम अलींनी १९८५च्या आपल्या आत्मचरित्रात स्वतःच छापून टाकले. असो.

मांडवीची साक्ष बाद ठरताच नकाशा पालटला. उरल्या त्या फक्त खऱ्या चिठ्ठ्या: पूर्वेकडील टापू नि पश्चिमेकडील खानदेश. १९९७च्या नोव्हेंबरात रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे प्रथम पूर्वेकडे हिंडले. काही मिळाले नाही. मग ते तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्यानजीक सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबरला सकाळच्या उजेडात एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. हा पक्षी दिवसाढवळ्या वावरणारा. लपूनछपून राहणाऱ्यांतला नव्हे. त्या भागातील भिल्ल-पावरा माणसांच्या डोळ्यांसमोर तो रोज येत असला पाहिजे. पण त्यांची साक्ष कोणी नोंदविली नव्हती. त्यानंतर मेळघाटात तो सापडला, आणि २०१४ साली तर मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. तेथे त्याला शोधावे असे तोवर कोणाच्याही मनात आले नव्हते. आज जगाच्या पाठीवरून लोक हे चिमुकले घुबड पाहण्यासाठी मेळघाटची वाट धरतात, आणि अमरावतीचा सुशिक्षित गृहस्थ परदेशाच्या सहलीची पत्रके चाळीत असतो.

निजामच्या मुलखाशी निगडित असा आणखी एक पक्षी आहे, त्याची हकिगत थोडक्यात सांगतो. जेर्डनला १८४८ साली एक दुपट्टी धाविक पक्षी मिळाला. पुढे ब्लॅनफर्ड यांना तो गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंचा-भद्राचलमकडे आढळला. १९०० साली अनंतपूरजवळ दिसला, नि मग दिसेनासा झाला. तोही गेला असे समजत असता १९८६च्या जानेवारीत सोसायटीचे भारत भूषण यांना कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा गवसला. तेलुगूत त्याला 'कलिवि कोडी' म्हणतात. येथे जुन्या चिठ्ठ्या खोट्या नव्हत्या. पण पक्षी निशाचर आहे, हे त्यांनी सांगितले नव्हते. शोध घेणारे दिवसा शोधीत, आणि धाविक रात्री धावे. रात्री दिव्याच्या झोतात तो पकडून दाखविला एका स्थानिक शिकाऱ्याने. त्याच्या पोटतिडिकीच्या धंद्याने जे त्याला शिकविले होते, ते संग्रहालयांत नव्हते.

१९३१ साली साक्ष नोंदविण्यासाठी बंदूक लागे. पक्षी मारल्याखेरीज त्याची ओळख पक्की होत नाही अशी त्या काळची समजूत होती, आणि तीत तथ्यही होते. १९४१ साली सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले, दुर्बिणी स्वस्त झाल्या, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि बंदूक मागे पडली. मराठीत हे काम मारुती चितमपल्ली यांनी केले. सोलापुरात तेलुगू भाषकांच्या घरी जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने आपल्या पक्षिकोशात आदिवासींच्या, पारध्यांच्या नि कोळ्यांच्या तोंडची नावे गोळा केली. जेर्डनने जालन्यास आरंभिलेले काम त्यांनी आपल्या भाषेत पुरे केले, असे म्हणता येईल. १८ जून २०२५ रोजी ते निवर्तले.

चिठ्ठीची जागा आता वहीने, किंबहुना खिशातल्या फोनने घेतली आहे. परंतु स्थळ, दिवस, वेळ, पक्षी नि पाहणाराचे नाव या पाच गोष्टींवाचून नोंद पुरी होत नाही, हे तेव्हाही खरे होते, आजही आहे. आणि ही नोंद केवळ पुढील प्रवाशाच्याच कामी येते असे नाही. १९०८च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादेस उस्मानसागर नि हिमायतसागर हे दोन तलाव झाले. पाण्याबरोबर बदकेही आली. या तलावांभोवती दहा किलोमीटरच्या आत प्रदूषण करणारे उद्योग नकोत असा १९९६चा शासननिर्णय होता. त्यावरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली असे प्रतिपादिले, की आहे ती स्थिती जो बदलू पाहतो, त्यानेच अपाय होणार नाही हे सिद्ध केले पाहिजे. २०२२ साली सरकारने त्या निर्णयाच्या जागी दुसरा निर्णय आणून निर्बंध सैल केले. एप्रिल २०२५मध्ये कांचा गच्चीबावली येथे, हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या चारशे एकरांवर, वृक्षतोड चालू असता सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेऊन ती थांबविली. विद्यापीठाच्या त्या परिसरात दोनशेहून अधिक जातींचे पक्षी आढळतात हे लोकांना सांगता आले, ते सुटीच्या सकाळी वही घेऊन हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे याद्या केल्या होत्या म्हणून. आहे ती स्थिती काय होती, हेच जेथे कोणी लिहून ठेवले नाही, तेथे कितीही कुशल वकील उभा केला तरी तो काय बोलणार?

परदेशी प्रवासाला माझा विरोध नाही. ज्याला केनिया पाहणे परवडते त्याने ते अवश्य पाहावे. पण ज्याच्या हाती दहा दिवस नि माफक खर्च आहे, अशा हैदराबादकर मराठी वाचकासमोर मी पुढील बेत ठेवीन. काळ ऑक्टोबर ते मार्च. त्यातही डिसेंबर-जानेवारी उत्तम. घराजवळ संगारेड्डीचे मंजिरा अभयारण्य आहे. तेथे पाणपक्षी नि मगरी एकाच किनाऱ्यावर ऊन खातात. अमीनपूरचे तळे २०१६ साली जैवविविधता वारसास्थळ ठरले. वाढत्या शहराने ते वेढले आहे, म्हणून तेथे लवकर जावे. दक्षिणेस अमराबादच्या पठारावर फरहाबाद नि मन्ननूर आजही आहेत. १९३३ची यादी हाती घेऊन त्या वाटेने जाणाऱ्यास त्यातले काय उरले, काय गेले, हे स्वतः ताडून पाहता येईल. गोव्यास ज्याचे आप्त आहेत त्याने रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जावे. तेथल्या खारफुटीतील १९८८चे अभयारण्य सालिम अलींच्याच नावाचे आहे. १९७६ साली त्यांनी रॉबर्ट ग्रुभ यांच्यासह गोव्याच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली होती.

उरलेले दिवस मराठवाड्यास द्यावेत. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, दिल्ली दरवाजाजवळचा जुना खिजरी तलाव आज सालिम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. तेथून पैठणला जावे. १९३१ साली पैठणपाशी गोदावरी नुसतीच वाहत होती, नाथसागर नव्हता. १९७६ साली धरण पुरे झाले, १९८६ साली त्या जलाशयावर पक्षी अभयारण्य झाले, आणि उथळ काठांवर रोहित पक्षी उतरू लागले. जुन्या यादीतून येथे मार्गदर्शन मिळणार नाही. वही कोरी न्यावी, पहाटे पाण्याकाठी बसावे, आणि पहिल्या ओळीवर तारीख लिहावी.